काच कोमट होईपर्यंत

पहिल्या दिवशी चूक आमचीच.
केप्याच्या लॉजवर एसी अठरावर लावून झोपलो,
कॅमेरा टेबलावर उघडा, शेजारी लेझरचा टेप,
आणि सकाळी साडेसातला
रिवणच्या पुढे, पोफळी संपतात तिथे,
शाणू वेळीपच्या मागोमाग
पोटावर सरपटत त्या भोकात शिरलो.

आतली हवा अंगावर आली
पेजेवरचं झाकण काढल्यासारखी.
काच गेली.
आधी चष्मा, मग लेन्स, मग होकायंत्राची तबकडी.
शर्टाच्या टोकानं पुसलं. पुन्हा आलं.
पुन्हा पुसलं, आता त्यात वाघळांच्या लेंड्यांचा भुगाही.

उर्मिला कुंडईकर थर्मामीटरची जोडी
जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी गरागरा फिरवत होती.
थांबली, टॉर्च धरला, वाचलं:
ओला सत्तावीस,
कोरडा सत्तावीस पूर्णांक दोन.
या हवेत पाण्याला आता जागाच नाही, म्हणाली,
जे थंड सापडेल त्यावर ते बसणार,
आणि इथं थंड आपणच घेऊन आलोय.

शाणू हसला नाही.
"तांकां मातशें रावूंक सांगात," एवढंच म्हणाला.
तांकां म्हणजे यंत्रांना की आम्हांला,
ते विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी म्हापशाला आग्नेलला फोन.
आग्नेल कॅमेरे दुरुस्त करतो,
त्याआधी बार्जवरचे हवादाबमापक करायचा.
पुसतोस कशाला, ओरडला,
रात्री एसी बंद. पिशवीत घाल, हवा पिळून काढ,
तोंड घट्ट बांध,
आत गेल्यावर तासभर सोडू नकोस.
घाम पिशवीला येऊ दे.
मग त्याच्या कपाटातल्या जर्मन भिंगाची गोष्ट, अर्थात.
पंधरा पावसाळे डब्यात पडून होतं ते,
बुरशीनं आत खाजनातल्या मुळांसारखी नक्षी काढलीय.
गिऱ्हाईक आलं की दाखवतो, विकत नाही.

रात्री पंखा, डास, आणि झोप नाही.
सिलिकाचे गुलाबी दाणे
लॉजच्या तव्यावर निळे होईपर्यंत भाजले.
स्वयंपाकीण क्लारीन डोकावून म्हणाली,
हें खंयचें कडधान्य?

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत,
पोटाशी, गरोदर बाईसारखा सांभाळत
सरपटायचं कसं हेच आधी शिकावं लागलं.
आत बसलो. टॉर्च बंद.
तासभर करायला काहीच नव्हतं.

पाण्याचा थेंब दर अकरा सेकंदांनी पडत होता.
एकदा बाराव्याला पडला.
वर चामड्याची हालचाल, कुजबुज,
मध्येच बारीक, दात उगवल्यासारखा आवाज:
पिल्लं, शाणू म्हणाला, डाव्या बाजूक,
तिकडे उजेड मारू नाकात.
आमच्या नकाशात डावी बाजू रिकामी होती.
त्याचा बाप इथलं खत टोपलीनं नेऊन
माडांना घालायचा, हेही त्याच अंधारात कळलं,
आणि तो शेवटचा कधी आला होता ते
शाणूनं सांगितलं नाही.

पिशवी उघडली. काच स्वच्छ.
मी आनंदानं श्वास सोडला,
आणि मागची काच माझ्याच श्वासानं धुरकट.
मग श्वास खांद्यावरून मागे सोडायला शिकलो,
पोहणारे सोडतात तसा.
दोनशे चौदा मोजली. डावी बाजू मोजली नाही.

अहवालात एक रकाना असतो: विलंबाचे कारण.
त्यात लिहिलं, काच कोमट होत होती.
पणजीच्या कचेरीतून अजून कुणी विचारलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी घड्याळ मीच बघत होतो,
तासाला अजून वीस मिनिटं होती.
शाणूनं हात पुढे केला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा
पिशवीला लावला, थोडा वेळ ठेवला.
"जालें," म्हणाला.
उर्मिलानं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे.
गाठ सोडली.